दुसऱ्या गियरचं दावं

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. लिहायला मात्र कुणी बंदी केलेली नाही, म्हणून लिहून टाकते: जोल्चुबेक. आमच्या अत-बाशी गावातली लहानथोर माणसं त्याला मानानं जोल्चुबेक आके म्हणतात. मी म्हातारा म्हणते, आणि तो म्हातारा नव्हता तेव्हापासून म्हणते.

सामुदायिक फार्म मोडला तेव्हा ज्याच्या त्याच्या वाट्याला काही ना काही आलं. शहाण्यांनी मेंढ्या मागून घेतल्या, फारच शहाणे होते त्यांनी घोड्या. आमच्या म्हाताऱ्यानं मागून घेतला निळा ट्रक. फार्मवर तो तोच चालवायचा, लोकर खाली न्यायचा आणि मीठ वर आणायचा. ट्रक तेव्हाच जुना होता. माझी जाऊ म्हणाली, "मेंढी व्याते. ट्रक व्यालेला कुणी पाहिलाय का गं?" मला उत्तर सुचलं नाही, त्याचा राग मी कितीतरी दिवस त्याच्यावर काढला. चहा द्यायचा तर पेला आपटून द्यायची.

सासऱ्यांना मात्र ट्रक आवडला. त्यांच्या शेवटच्या घोड्याचं एक चामड्याचं वळलेलं दावं होतं. ते आणून त्यांनी ट्रकच्या आत अडकवलं आणि म्हणाले, "आता हाच तुझा घोडा. ह्याला उपाशी ठेवू नकोस, आणि ह्याच्यावर बसून कुणाचं वाईट करू नकोस." म्हाताऱ्यानं मान डोलावली. ते दावं मग कधी ट्रकमधून निघालं नाही.

पुढं ट्रक व्याला नाही, पण त्यानं आम्हाला पोसलं. वसंतात सगळा गाव उन्हाळी कुरणावर जायला निघतो. तंबूच्या काठ्या, लोकरीचे नमदे, चुली, पाळणे, करडं, पाय धरलेल्या सासवा, सगळं त्या ट्रकमध्ये चढायचं आणि कारा-बेलचा घाट ओलांडून पलीकडं उतरायचं. शरदात तेच सगळं परत. दुसऱ्यांचे ट्रक वाटेत बसायचे, तापायचे, कुणाचा तर एकदा नदीतच मुक्काम पडला. आमच्या म्हाताऱ्यानं कुणाला म्हणून वाटेत सोडलं नाही. लोक घाटाखाली त्याची वाट बघत थांबायचे, रिकामा ट्रक समोरून गेला तरी हात दाखवायचे नाहीत. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायचं तर तो घोरतो आणि चप्पल कुठं काढली ते त्याला कधीच आठवत नाही.

आमच्या झामीरला, म्हणजे मुलाला, तो ट्रक चालवायचा होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून मागं लागलेला. म्हातारा म्हणायचा, "हिला माझाच हात लागतो. दुसऱ्याचं ती ऐकत नाही." झामीर एकदा रुसला, दोनदा भांडला आणि मग बिश्केकला एका गॅरेजात कामाला लागला. तिथं लोकांच्या गाड्या दुरुस्त करत राहिला. लग्न झाल्यावर परत आला, पण ट्रकचं नाव पुन्हा काढलं नाही. बापलेकांत भांडण नव्हतं. नुसती ट्रकएवढी जागा मधे रिकामी होती.

मग म्हाताऱ्याचे गुडघे गेले. पायरीवर चढताना तो "अल्ला" म्हणायचा आणि उतरताना दुसरंच काहीतरी म्हणायचा. नारीनच्या दवाखान्यात वरचेवर जावं लागायला लागलं. शेवटी झामीरनं कुठूनशी एक जपानी मोटार ठरवली. चौथ्या हाताची, स्टिअरिंग उजवीकडं, दारावर एक पोचा. पण बटण दाबलं की बसायची खुर्ची खालून गरम व्हायची. मी एकदा बसले आणि उठेनाच. अत-बाशीतला हिवाळा ज्यानं काढलाय त्यानंच मला हसावं. तेवढ्यासाठी मी म्हाताऱ्याच्या मागं लागले, की ट्रक विका आणि ही घ्या.

रविवारी आमच्याकडं जनावरांचा बाजार भरतो. मेंढ्या संपतात तिथं घोडे लागतात, घोडे संपतात तिथं गाड्या. मी वाटेवर घोडीचं आंबट दूध आणि नान विकायला बसते, त्यामुळं मला सगळं दिसतं. गाड्या विकत घेणारेही मेंढ्याच घ्यायला आल्यासारखे येतात. शेपटाची चरबी चाचपावी तसे टायर चाचपतात, दात बघावेत तसं बॉनेट उघडून बघतात आणि मग खरा प्रश्न विचारतात: कुणाची आहे? दारुड्याची असेल तर नवीकोरी गाडीसुद्धा कुणी घेत नाही. एका मास्तरीणबाईंची खटारा गाडी मात्र हातोहात गेली होती. आमचा ट्रक उभा राहिला तेव्हा कुणी टायरसुद्धा चाचपला नाही. जोल्चुबेक आकेंचा ट्रक, एवढं पुरलं. त्याच वयाच्या दुसऱ्या ट्रकांपेक्षा चांगला भाव आला, आणि तो वरचा भाव ट्रकचा नव्हता, म्हाताऱ्याच्या नावाचा होता.

घेणारा होता दोरोनबेक. तरणा मेंढपाळ, बापामागं स्वतःचा कळप घेऊन पहिल्यांदाच वर जाणार. तोंडावर लव, बोलणं मात्र म्हाताऱ्यासारखं. आमच्या बाजारात दलाल दोघांचे हात एकमेकांत घालतो आणि भाव जुळेपर्यंत उपटल्यासारखे हलवत राहतो. दलाल असानाली हात हलवतोय आणि म्हातारा एकेक खोड सांगतोय.

"बाळा, ऐकून घे. ड्रायव्हरकडचं दार दणका बसला की उघडतं. मागची काच नाही. चढावर पाणी पिते, कॅन भरून ठेवायचा. डावीकडं वळलं की हॉर्न आपोआप वाजतो."

असानाली रडकुंडीला आला. "आके, ट्रक विकताय की ठरलेलं लग्न मोडताय?"

"आहे ते सांगायला नको?" म्हातारा म्हणाला. "पण बाळा, एक सांगतो. हिनं आजवर कुणाला वाटेत सोडलेलं नाही. हा माझा शब्द."

दोरोनबेक म्हणाला, "तुमचा शब्द आहे तर मग हात सोडा हो, असानाली आके. खांदा निखळेल माझा."

सौदा झाला. म्हातारा ट्रकमध्ये चढला, दावं सोडवून घेतलं, गुंडाळून कोटात घातलं. मग विकलेल्या जनावराचं तोंड पुसतात तसं कोटाच्या टोकानं स्टिअरिंग पुसलं आणि ते टोक बरकतीसाठी तोंडाला लावलं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं, नाहीतर घरातली बरकत त्याच्या मागोमाग चालती होते. त्यात आमची सून पोटुशी. त्यामुळं दावं घरी आलं ते मीच खिळ्याला टांगलं, आणि दुसऱ्या दिवशी गरम खुर्चीवर बसून नारीनला गेले. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

कळप वर निघाले. आणि एका रविवारी दोरोनबेक बाजारात आला तो घोड्यावर. ट्रक विकत घेतलेला माणूस घोड्यावरून येतो म्हणजे काय ते सांगायला लागत नाही. घोड्यावरून न उतरताच ओरडला, "आके, तुमची गाडी घाट चढत नाही!"

सगळा बाजार आमच्याकडं वळला. मेंढ्या तेवढ्या ओरडत होत्या.

"खोटं," म्हातारा म्हणाला.

"खोटं कसं? आई, बायको, पोर, सगळा संसार कारा-बेलच्या पायथ्याशी पडलाय. चढ लागला की दुसरा गियर उडून बाहेर येतो. गाडी मागं येते. आई तर खाली उतरलीय, म्हणते चालत जाईन पण ह्या डब्यात बसणार नाही."

"उडतो तर धरायचा!"

"कशानं धरू? एक हात स्टिअरिंगला, एक दाराला. तिसरा कुठून आणू?"

"दार गुडघ्यानं दाबायचं! आणि गियर दाव्यानं बांधायचा!"

"कुठल्या दाव्यानं?"

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

मलाही तेव्हाच कळलं. दावं तिथं शोभेला नव्हतंच. चढ लागला की त्याचा फास तो गियरच्या दांड्यात अडकवायचा आणि दुसरं टोक बुडाखाली घेऊन वर बसायचा. वरून हात ठेवायचा, ताण आहे की नाही बघायला. इतकी वर्षं केल्यावर ते त्याला श्वासासारखं झालं होतं, आणि मी श्वास घेतो असं कुणी गाडी विकताना सांगत नाही. गुडघे कुठं गेले तेही मला त्या दिवशी कळलं. ते त्या दारानं खाल्ले होते.

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळाच बाजार हसायला लागला. मेंढ्यांच्या बाजूनं एक जण ओरडला, "आके, माझी घोडी घ्या, चार पाय घरी ठेवलेत!" असानाली डोकं धरून खाली बसला. दावं ट्रकचं की घराचं, यावर पांढऱ्या दाढ्यांचे दोन तट पडले. आमचा म्हातारा मधे उभा होता. त्यानं आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं, आणि आता सगळ्यांसमोर फसवणारा ठरत होता. मला हसणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर दुधाचा डबा उलटा करावासा वाटला.

"घोडा असानालीकडं ठेव आणि गाडीत बस," तो दोरोनबेकला म्हणाला. आम्ही घरी आलो, गरम खुर्ची बंद ठेवून. म्हाताऱ्यानं सरळ जाऊन खिळ्यावरचं दावं काढलं. मी दारात आडवी झाले.

"सुनेचे दिवस भरत आलेत. घरची बरकत उचलून देताय?"

"बाजूला हो."

"दुसरं दावं द्या की! अत-बाशीत दावी कमी आहेत?"

"त्याला विश्वास नाही उरला, बाई! बरकत घरात राहील आणि माझ्या शब्दावर लोक थुंकतील. मग त्या बरकतीचं काय लोणचं घालू?"

मी काही बोलणार तोच मागून दोरोनबेक म्हणाला, "आके, मला दावं नको. पोटुशी सून असलेल्या घराचं दावं नेलं तर माझी आई मला तंबूत घेणार नाही. आणि बुडाखाली दोरी धरून मी जन्मभर गाडी चालवणार नाही. तुमचा ट्रक तुम्ही परत घ्या."

ट्रक परत म्हणजे मोटार परत. जपानी मोटारीवर ट्रकचेच पैसे गेले होते. मी त्या पोरावर डोळे काढले, पण त्याचं काय चुकलं होतं? म्हातारा दावं हातात घेऊन खाटेवर बसला. मोटारीचं त्याच्या मनातही नव्हतं. "वाटेत सोडलं," एवढंच तो पुटपुटला. "बाईमाणूस, पोर, आणि वाटेत सोडलं."

तेव्हा आतापर्यंत भिंतीला टेकून उभा असलेला झामीर बोलला. "बाबा, एकदा झाकण उघडून बघू."

"चालत्या गाडीचं पोट फाडायचं नसतं."

"चालत नाहीये ना," झामीर म्हणाला.

म्हाताऱ्यानं दावं परत खिळ्याला टांगलं आणि चप्पल शोधायला लागला.

बाजारातल्या सुट्या भागांच्या ढिगातून झामीरनं काहीबाही निवडून खिशात घातलं आणि आम्ही चौघं जपानी मोटारीनं कारा-बेलच्या पायथ्याशी गेलो. निळा ट्रक कडेला उभा होता, चाकांना दगड लावलेले. त्याला बघून म्हाताऱ्यानं मान खाली घातली. दोरोनबेकची आई बुबुसारा चुलीपाशी बसली होती. तिनं आम्हाला शिव्या द्यायच्या सोडून आधी चहा दिला, मग वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या पुढं केल्या, आणि मग म्हणाली, "पेल्यात चहा आहे तोवर पाहुणे आहात. नंतर बोलू."

झामीरनं गियरचा दांडा काढला, झाकण उचललं. म्हातारा शेजारी उभा राहून "जपून, जपून" म्हणत होता, जणू डॉक्टर ह्याच्याच आईला कापतोय. थोड्या वेळानं झामीरनं काहीतरी काढून बापाच्या तळहातावर ठेवलं. करंगळीच्या पेराएवढी स्प्रिंग, मधोमध तुटून दोन तुकडे झालेली.

"हे?" म्हातारा म्हणाला.

"हेच. गियर पडला की त्याला जागेवर धरून ठेवते. हीच तुटलेली, मग तो राहणार कसा?"

"एवढंच?"

"एवढंच, बाबा."

झामीरच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, म्हाताऱ्याला भांडता आलं असतं. तो ते दोन तुकडे बघत राहिला, आणि मला माहीत होतं तो काय बघतोय. हिला माझाच हात लागतो, असं म्हणून ज्या मुलाला त्यानं वर्षानुवर्षं खाली ठेवलं, त्याच मुलानं हा हात म्हणजे काय होता ते काढून त्याच्या हातावर ठेवलं होतं. मला त्याची दया आली. आणि खरं सांगते, झामीरसाठी बरंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

नवी स्प्रिंग बसली. म्हाताऱ्यानं कोट सावरला आणि दाराकडं निघाला. "मी चढवून दाखवतो."

"नको," दोरोनबेक म्हणाला. "तुम्ही चढवालच हो, आके. तुम्ही चुलीला चाकं लावून तीही चढवाल. माझ्यासारख्या कुणीतरी चढवलेली मला बघायचीय. ज्यानं ही कधी चालवली नाही अशानं."

सगळ्यांनी झामीरकडं पाहिलं. झामीरनं बापाकडं पाहिलं. म्हातारा चालायला लागला तो ट्रकला वळसा घालून, दुसऱ्या बाजूच्या दाराकडं.

सामान चढवलं. झामीर स्टिअरिंगला, म्हातारा मधे, बुबुसारा नातवाला मांडीवर घेऊन खिडकीशी. ती पुटपुटत बसली, की उतरायची वेळ आली तर आपण दाराजवळ बरे. मी आणि दोरोनबेकची बायको मागं गाठोड्यांवर, केबिनला टेकून. मागची काच नसल्यामुळं मला सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं. दोरोनबेक तिथल्या दुसऱ्या घोड्यावरून मेंढ्या घेऊन मागं.

चढ लागला. झामीरनं दुसरा गियर टाकला. त्याच क्षणी म्हाताऱ्याचा हात दांड्यावर गेला आणि घट्ट बसला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर हॉर्न आपोआप वाजला आणि बुबुसारा किंचाळली. इंजिन कण्हत होतं, पण मागं येत नव्हतं. म्हाताऱ्याच्या मानेवर घाम आला होता, बोटं पांढरी पडली होती. सगळा ट्रक आपणच ओढून वर नेतोय असा तो बसला होता.

"बाबा, हात काढा."

म्हाताऱ्याला ऐकू गेलं नसावं.

"बाबा, मला गियर बदलायचाय. तुमच्या हातामुळं बदलता येत नाहीये."

हात निघाला. आधी थोडासा वर उचलला गेला, दांड्यावर तसाच तरंगत राहिला. झामीरनं गियर बदलला. पुन्हा चढ तीव्र झाला तसा पुन्हा दुसरा टाकला, आणि दांडा जिथं टाकला तिथं राहिला. कुणी धरलेला नव्हता, कुणी बांधलेला नव्हता. म्हाताऱ्याचा हात हवेतच होता. तो कुठं ठेवायचा ते त्याला कळेना.

बुबुसारानं ते पाहिलं. "रिकामा आहे ना हात?" ती म्हणाली. "मग हा धरा. माझे पाय मुंग्यांनी खाल्ले." आणि नातू त्याच्या मांडीत टाकला.

पोर धष्टपुष्ट होतं, दोन्ही हात लागत होते. त्याला बाहेर बघायचं होतं, म्हणून म्हाताऱ्यानं त्याला खिडकीकडं उचलून धरलं आणि त्याच्याबरोबर स्वतःही बाहेर बघायला लागला. आम्ही घाटमाथ्याच्या जवळ आलो होतो. डाव्या हाताला बर्फ, उजव्या हाताला उतार, आणि उताराखाली निळं तळं, काठाला अजून गोठलेलं. म्हातारा बघतच राहिला. मग मान वळवून त्या काच नसलेल्या खिडकीतून मला म्हणाला, "अगं, हे तळं इथं कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "आपलं लग्न झालं तेव्हापासून तरी आहे."